दगड आपला, होडी सगळ्यांची: ‘इम्होटेप’ हा खेळ चालतो कसा

गेल्या दिवाळीत जर्मनीत शिकणारा माझा भाचा घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत फराळाच्या रिकाम्या डब्यांशेजारी एक चौकोनी खोकं होतं. रात्री जेवणं झाल्यावर त्याने ते सतरंजीवर उघडलं. आतून काळे, पांढरे, करडे आणि तपकिरी असे लाकडी ठोकळे निघाले, प्रत्येक रंगाचे तीस. आठ लाकडी होड्या निघाल्या. पाच जाड पुठ्ठ्याच्या पाट्या निघाल्या, त्यांतल्या एकीवर पिरॅमिडचा पाया आखलेला. माझ्या आईने खोकं उलटं करून हलवलं आणि विचारलं, “अरे, ह्यातला फासा कुठे गेला?”

“आजी, ह्यात फासाच नसतो.”

आईचा चेहरा पडला. सापशिडी, ल्यूडो, व्यापार यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना फासा नसलेला खेळ म्हणजे बुद्धिबळ, आणि बुद्धिबळ म्हणजे आपलं काम नव्हे, असं वाटतं. पुण्या-मुंबईत आता बोर्ड गेम खेळायला लोक कॅफेत जाऊन बसतात, घराघरांत अशी खोकी येऊ लागली आहेत, आणि ती बरेचदा एकदा उघडून कपाटावर जातात. नियमांची पुस्तिका वाचताना डोकं गरगरतं, हे खरं कारण. म्हणून हा एक खेळ मुळापासून समजावून सांगते. हा उलगडला, की बाकीचे पुष्कळ खेळ आपोआप उलगडतात.

इम्होटेप कोण, आणि त्याच्या नावाचा खेळ कोणाचा

इम्होटेप हा माणूस खरोखर होऊन गेला. इसवी सनापूर्वी २६५०च्या आसपास इजिप्तवर जोसेर नावाचा राजा होता. इम्होटेप हा त्याचा प्रमुख अधिकारी. कैरोच्या दक्षिणेला सक्कारा इथे जोसेरचा जो पायऱ्यांचा पिरॅमिड आजही उभा आहे, त्याचा कर्ता म्हणून इम्होटेपचं नाव घेतलं जातं. सहा टप्पे, उंची सुमारे ६२ मीटर. त्याआधी राजांच्या कबरींवर मातीच्या विटांचे बसके ओटे बांधत. घडीव दगडाची एवढी मोठी वास्तू इजिप्तमध्ये पहिल्यांदाच उभी राहिली. पुढे हजारो वर्षांनी लोकांनी इम्होटेपला देवच करून टाकलं.

खेळ रचला फिल वॉकर-हार्डिंग या ऑस्ट्रेलियन माणसाने, आणि तो २०१६ साली कॉसमॉस या जर्मन प्रकाशनाने काढला. जर्मनीत १९७९ पासून ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, असा मानाचा पुरस्कार देतात. २०१६च्या शेवटच्या तिघांत इम्होटेप होता. पुरस्कार ‘कोडनेम्स’ला मिळाला. दोन ते चार जण, साधारण चाळीस मिनिटं, वय दहाच्या पुढे, असं खोक्यावर लिहिलेलं आहे आणि ते बरोबर आहे.

एका वेळी एकच काम

तुम्ही दगड वाहून नेणारे बांधकाम करणारे आहात. दगड खाणीतून आणायचा, होडीत चढवायचा, होडी नदीपार पाठवायची, आणि तिकडे पोहोचलेला दगड इमारतीत बसला की त्याचे गुण मिळवायचे. गोष्ट एवढीच.

आपली पाळी आली की चारपैकी एकच काम करता येतं. एक, खाणीतून तीन दगड आपल्या ओढगाडीवर घ्यायचे. गाडीवर पाचाहून जास्त मावत नाहीत. दोन, गाडीवरचा एक दगड कुठल्याही होडीत ठेवायचा. तीन, एक होडी पलीकडच्या एखाद्या बांधकामाला लावायची. चार, हातात एखादा अवजाराचा पत्ता असेल तर तो वापरायचा. काम झालं की पाळी पुढच्याची.

डावात सहा फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत चार होड्या, आणि चारही पलीकडे लागल्या की फेरी संपते. पलीकडे बांधकामाच्या जागा मात्र पाच आहेत, आणि एका फेरीत एका जागेला एकच होडी लागू शकते. म्हणजे दर फेरीत एक जागा कोरडी राहणार. कुठली राहणार, यावरच निम्मी झटापट होते.

आता थोडा हिशेब करू. तीन दगड पलीकडे पोहोचवायला किती पाळ्या लागतात? दगड आणायला एक, एकेक करून चढवायला तीन, होडी सोडायला एक. पाच झाल्या. होडी दुसऱ्या कोणी सोडली तर तुमच्या चारच पाळ्या गेल्या, एक वाचली. पण मग ती कुठे जाईल हे तुमच्या हातात राहिलं नाही. अर्थशास्त्रात याला ‘संधी खर्च’ म्हणतात: एक गोष्ट निवडली म्हणून जी दुसरी सोडावी लागली, तीच तिची किंमत. या खेळात पैसा नाही, बाजारातही काही विकत घ्यायचं नाही. किंमत मोजायची ती पाळ्यांमध्येच.

वडापचा हिशेब

खेळाचा जीव इथे आहे. होडी कोणाच्याच मालकीची नाही.

पश्चिम महाराष्ट्रात ज्यांनी वडापने प्रवास केला आहे त्यांना हे लगेच कळेल. वडापची जीप वेळेवर सुटत नाही, माणसं भरली की सुटते. आत बसलेल्याला घाई असते, पण पुरेशी डोकी झाल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. या होड्यांचंही तसंच. चार जागांची होडी निदान तीन दगड झाल्याशिवाय हलत नाही, तीन जागांची दोनवर हलते, दोन जागांची आणि एका जागेची एका दगडावरही निघते.

फरक एका ठिकाणी आहे. वडापवर पाटी असते, कराड म्हणजे कराड. इथे पाटी नाही. पुरेसे दगड झाले की कोणीही, अगदी ज्याचा एकही दगड आत नाही तोसुद्धा, उठून म्हणू शकतो, “ही होडी मी सोडतो, आणि ती मंदिराला नेतो.” तुम्ही पिरॅमिडला जायचं म्हणून बसला होता. गेलात मंदिरात.

दुसरी मेख रांगेची. होडी लागली की दगड पुढून मागे, या क्रमाने उतरतात. पहिल्या बाकावरचा आधी, शेवटचा शेवटी. बाजारात लागली तर पहिल्याला पत्त्यांतून निवडीची पहिली संधी. पिरॅमिडला लागली तर प्रत्येक दगड ठरलेल्या पुढच्या चौकटीत जातो आणि प्रत्येक चौकटीचे गुण वेगळे, त्यामुळे कधी पहिला असणं फायद्याचं, कधी तिसरा. शिवाय मधली जागा रिकामी राहिली असेल तर मागचे दगड पुढे सरकतात. तुम्ही विचार करून दुसऱ्या जागेवर बसलात, पहिली कोणी भरलीच नाही, आणि होडी सुटली, तर उतरताना तुम्हीच पहिले. पहिल्या डावात माझ्या ताईचे तीन दगड असे एका पाठोपाठ चुकले, आणि मग तिला खेळ कळला.

पाच जागा आणि त्यांचे वेगवेगळे हिशेब

पाचही जागी गुण मोजण्याची रीत वेगळी आहे. गोंधळ इथेच उडतो. पण प्रत्येक जागेला फक्त एक प्रश्न विचारायचा: गुण आत्ता मिळणार, फेरीअखेर मिळणार, की डाव संपल्यावर?

पिरॅमिडचे लगेच. दगड बसला, गुण घेतले, विषय संपला. खाली नऊ, त्यावर चार, शिखरावर एक, असे चौदा दगड त्यात बसतात. तो पूर्ण झाल्यावर येणाऱ्या प्रत्येक दगडाला एक गुण. हातावरच्या मजुरीसारखी ही जागा आहे, आणि नवखा माणूस तिथेच जातो. त्यात चूक काही नाही.

मंदिराचे फेरीअखेर. इथे दगड एका ओळीत लागतात. तीन किंवा चार जण खेळत असतील तर पाचांची ओळ. ओळ भरली की पुढचे दगड आधीच्यांच्या डोक्यावर बसतात. फेरी संपली की वरून बघायचं, आणि जे दगड दिसतात त्यांना प्रत्येकी एक गुण. दबलेल्याला काही नाही. म्हणजे पहिल्याच फेरीत बसलेला आणि तीन फेऱ्या कोणी न झाकलेला दगड तीन गुण आणतो. ही मुदत ठेव आहे, पण ती मोडायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात असतो. मंदिराकडे होडी जाऊ नये म्हणून धडपडणारा माणूस दिसला, तर समजा त्याचे दगड तिथे वर आहेत.

दफनकक्षाचे गुण शेवटी, आणि ही माझी सगळ्यात आवडती जागा. दगड तीन ओळींत, वरून खाली, मग पुढच्या रकान्यात वरून खाली, असे भरत जातात. डाव संपल्यावर आपले दगड एकमेकांना चिकटून किती मोठा गट झाला ते बघतात. एकट्या दगडाला १, दोघांच्या गटाला ३, तिघांना ६, चौघांना १०, पाचांना १५, आणि पुढच्या प्रत्येकाला आणखी २. हे आकडे कुठून आले? पहिला दगड एक गुण आणतो, दुसरा दोन, तिसरा तीन, असं पाचापर्यंत. सहा दगड सुटे सुटे पडले तर ६ गुण. तेच तीन-तीनच्या दोन गटांत असले तर १२. सलग असले तर १७. दगड तेवढेच, कष्ट तेवढेच, आणि मिळकत जवळजवळ तिप्पट. म्हणूनच दफनकक्षाकडे जाणाऱ्या होडीत कितवी जागा धरायची हा प्रश्न इतका जिवाचा होतो: मागच्या रकान्यात माझा दगड मधल्या ओळीत असेल आणि नवा रकाना कोरा असेल, तर मला दुसऱ्या क्रमांकावरच उतरायला हवं. तिथे मधोमध एकच परका दगड पडला, तर सगळी साखळी तुटते.

ओबेलिस्क, म्हणजे अखंड दगडाचा वर निमुळता होत जाणारा स्तंभ. इथे प्रत्येकाचा आपापला. शेवटी सर्वांत उंच ज्याचा त्याला सर्वांत जास्त गुण. उरला बाजार. तिथे दगड बसत नाही, त्याच्या बदल्यात पत्ता मिळतो. काही पत्ते तात्काळ एक दगड बसवून देतात, काही अवजारं असतात, काही शेवटी गुण देतात. जांभळे पुतळे जमवले तर त्यांनाही १, ३, ६, १०, १५ हाच चढता हिशेब लागतो.

म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचाच खेळ झाला ना?

आईचा हा पहिला आक्षेप होता, आणि तो रास्त आहे. तिची भरलेली होडी माझ्या भाच्याने भलतीकडे नेली तेव्हा ती खरंच दुखावली होती.

पण अडवण्याची किंमत बघा. होडी सोडण्यात एक पाळी जाते. त्या पाळीत नवा दगड येत नाही, चढतही नाही. आईची होडी वळवण्यासाठी भाच्याने एक पाळी घालवली आणि स्वतःच्या पदरात काही पाडून घेतलं नाही. दोघांचं नुकसान झालं, आणि बाजूला शांतपणे दगड चढवणाऱ्या ताईचा फायदा झाला. चौघांत खेळताना निव्वळ त्रास देणारा माणूस सहसा मागे पडतो. चांगला खेळाडू होडी तेव्हाच सोडतो, जेव्हा त्यातून त्याचंही काही साधतं.

यातून एक साधा बचाव निघतो. होडीत एकटे बसू नका. चार जागांच्या होडीत चारही दगड तुमचे असतील, तर ती भलतीकडे नेण्यात बाकी सगळ्यांचा फायदा आहे. पण त्यात दोन तुमचे आणि दोन ताईचे असतील, तर ताईसुद्धा ती होडी चांगल्या ठिकाणी जावी म्हणून जपेल. प्रतिस्पर्ध्याचा दगड आपल्या होडीत असणं हे संरक्षण आहे, हे मला तिसऱ्या डावात उमगलं, आणि तेव्हापासून मी रिकाम्या होडीपेक्षा अर्ध्या भरलेल्या होडीकडे आधी बघते. आणखी एक: ल्यूडोत सोंगटी मारली की पुन्हा घरापासून सुरुवात. इथे दगड कुठेतरी बसतोच, आणि बहुतेक वेळा थोडं का होईना देऊन जातो.

फासा नाही, मग नशीब नाहीच का?

आहे, पण ते पाळीच्या आधी येतं. दर फेरीच्या सुरुवातीला एक पत्ता उलटतो आणि या खेपेला कुठल्या आकाराच्या चार होड्या आहेत ते कळतं. बाजारात कुठले पत्ते उघडतील तेही आधी ठाऊक नसतं. मात्र दोन्ही गोष्टी सगळ्यांना एकदम दिसतात. फाशात तुम्ही आधी ठरवता आणि मग नशीब त्यावर पाणी फिरवतं. इथे आधी पाऊस पडतो, मग काय पेरायचं ते प्रत्येकजण आपापलं ठरवतो. पहिला खेळणाऱ्याला आपसूक मिळणारा फायदाही भरून काढला आहे: पहिला दोन दगडांवर सुरुवात करतो, दुसरा तीन, तिसरा चार, चौथा पाच.

इजिप्त नुसतं चित्रापुरतं आहे का?

पुष्कळ खेळांत असतं. नाव पिरॅमिडचं, आणि आतला हिशेब कुठल्याही दुकानाचा. इथे तसं नाही, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

२०१३ साली पियेर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या चमूला तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदाचे, तुकडे सापडले. लिखाण असलेले इतके जुने पपायरस याआधी कुठेच मिळाले नव्हते. ते खुफू राजाच्या काळातले, म्हणजे गिझाचा महापिरॅमिड बांधला जात होता तेव्हाचे. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. नदीच्या पूर्वेला तुरा इथे चुनखडीच्या खाणी होत्या. मेरेरची सुमारे चाळीस माणसांची टोळी तिथे दगड होडीत चढवायची, पाण्याने गिझापर्यंत न्यायची, उतरवायची, आणि परत. आज दगड चढवला, आज निघालो, रात्री इथे मुक्काम, अशा नोंदी. दहा दिवसांत दोन-तीन खेपा होत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा मुकादम आपल्या खेपा लिहून ठेवतो आणि त्या आज वाचता येतात, याचं मला अजून नवल वाटतं. सतरंजीवरच्या लाकडी होडीत ठोकळा ठेवताना आपण मेरेरचंच काम करत असतो: खाण, चढवणं, प्रवास, उतरवणं, आणि प्रत्येकाला लागणारा वेळ.

ओढगाडीही खरी आहे. जेहुतीहोतेप नावाच्या एका अधिकाऱ्याच्या कबरीत, इसवी सनापूर्वी १९००च्या सुमाराचं एक चित्र आहे. प्रचंड पुतळा बिनचाकी गाडीवर बांधलाय, माणसांच्या रांगा तो ओढताहेत, आणि गाडीच्या पुढ्यात एकजण वाळूवर पाणी ओततोय. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवलं, की वाळू नेमकी हवी तेवढी ओली केली तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. समुद्रकाठी ओल्या वाळूवरून सायकल जाते आणि कोरड्या वाळूत रुतते, तेच कारण.

एक सूट मात्र खेळाने घेतली आहे. उंच ओबेलिस्क इम्होटेपच्या काळात नव्हते. आज उभ्या असलेल्यांपैकी सर्वांत जुना हेलिओपोलिसचा, सेनुस्रेत पहिला या राजाचा, म्हणजे इम्होटेपनंतर जवळपास सातशे वर्षांनी. आस्वानच्या खाणीत एक अर्धवट ओबेलिस्क अजून पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर. घडवता घडवता त्याला तडा गेला आणि तो तिथेच सोडून दिला. खेळात काळ असा एकत्र गुंडाळला आहे, हे मुलांना सांगून ठेवावं.

पण पिरॅमिड तर गुलामांनी बांधले ना? त्यात स्पर्धा कसली?

ही समजूत जुनी आहे. १९९० साली गिझाच्या पठाराजवळ एका घोड्याचा पाय एका पुरलेल्या भिंतीला अडखळला, आणि तिथे पिरॅमिड बांधणाऱ्या कामकऱ्यांच्या कबरी सापडल्या. मान देऊन पुरलेली माणसं, सोबत भाकरी आणि बिअरची भांडी. जवळच त्यांची वस्ती, भट्ट्या, गुराढोरांची हाडं. राबवून टाकून दिलेल्यांना असं कोणी पुरत नाही. कष्ट मात्र भयंकर होते. हाडांवर ओझ्याच्या खुणा आहेत.

आणि स्पर्धेचं म्हणाल, तर दगडांवर टोळ्यांनी आपली नावं रंगवून ठेवली आहेत. ‘खुफूचे मित्र’ अशी एक. मेनकौरे राजाच्या कामावर ‘मेनकौरेचे मद्यपी’ अशी दुसरी. एकाच राजाच्या एकाच इमारतीवर वेगवेगळ्या टोळ्या, प्रत्येकीचं नाव वेगळं, आणि त्यांच्यात चढाओढ असावी असं अभ्यासक मानतात. इमारत एक, ईर्षा अनेक. खेळातला पिरॅमिडही चौघांच्या चार रंगी दगडांचा मिळूनच पुरा होतो. कोणाच्या एकट्याच्या दगडांनी तो शिखराला पोहोचलेला मी अजून पाहिला नाही.

पहिल्या डावाला बसताना

पाट्यांना दोन बाजू आहेत. पहिल्या वेळी पाचही पाट्या सोप्या बाजूने लावा. नियमांची पुस्तिका मोठ्याने वाचू नका, एक फेरी नुसती समजण्यापुरती खेळून टाका आणि मग ठोकळे परत गोळा करून खरा डाव मांडा; आमच्याकडे आईला असंच जमलं. घरी दोघंच असाल तर खेळ जास्त धारदार होतो, कारण बाजूला बसून फायदा घेणारा तिसरा नसतो. कुरबुरी करणारी भावंडं असतील तर तिसरं माणूस बसवलेलं बरं.

आणि होडी सोडण्याआधी एक सवय लावून घ्या. बोट ठेवून पुढून मागे दगड मोजा: हा पहिला उतरेल, हा दुसरा, हा तिसरा, आणि तो तिसरा कुठे जाऊन बसेल. माझी आई हे आता पुटपुटत करते. भाचा परत गेल्यावर तिने मला रविवारी दुपारी फोन करून विचारलं, “ताई मोकळी आहे का ग? तीन जण झालो तरी मांडता येतो ना?”